मजकूर, हाशिया आणि हुकूम

नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा क्षेत्रातील कंपनीने एक शोध जाहीर केला. आशिया आणि आफ्रिकेतील काही वित्तसंस्थांना ईमेलने फाइली पाठवल्या गेल्या होत्या. फाइल उघडली की संगणकाचा ताबा परक्याच्या हाती जायचा. अशा बातम्या रोजच्याच. पण ही फाइल इनपेजची होती.

उर्दूत काम करणाऱ्याला इनपेज म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगतो. १९९० च्या दशकात आलेल्या या प्रोग्रामने नस्तालीक लिपी घरगुती कॉम्प्युटरवर आणली. कातिबाच्या हातचे काम टायपिस्टच्या हाती आले. वर्तमानपत्रे, पुस्तके, शादीची कार्डे, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळे त्यावर होऊ लागले. नोव्हेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही अशाच एका हल्ल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात इनपेजची घातकी फाइल आणि व्हीएलसी या व्हिडिओ-प्रोग्रामची जुनी आवृत्ती एकत्र वापरली होती. बहुतेक लक्ष्ये पाकिस्तानात होती.

"आमच्या कॉम्प्युटरमध्ये असे काय आहे, की कोणी हल्ला करील?" हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. उत्तर या दोन घटनांत आहे. जगाच्या मानाने लहान असलेल्या प्रोग्रामसाठीही कोणीतरी बसून हत्यार घडवले, कारण त्याला उर्दू वाचणारी माणसेच हवी होती.

पण मूळ प्रश्न वेगळाच आहे. फाइल म्हणजे मजकूर. मजकूर वाचायचा असतो. तो हुकूम कसा देऊ लागतो?

याचे उत्तर १९४५ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या यंत्राचा आराखडा लिहिला. कामाचे आकडे आणि त्या आकड्यांचे काय करायचे याच्या सूचना, दोन्ही एकाच मेमरीत ठेवायच्या, ही कल्पना त्यातून जगभर पसरली. आजचा संगणक त्याच कल्पनेवर उभा आहे. तिच्यात सोय मोठी आणि धोकाही तेवढाच मोठा. मेमरीत पडलेला आकडा हा मजकूर आहे की हुकूम, हे त्या आकड्याकडे पाहून कळत नाही.

जुन्या किताबतीचे उदाहरण घेऊ. पानाच्या मध्यभागी मजकूर, कडेला हाशिया. समजा, एका छापखान्यात अशी रीत आहे की मालक हाशियावर सूचना लिहितो, 'हे झाले की अमुक पान घे.' कातिब मजकूर उतरवतो, मग हाशिया पाहतो आणि तसे करतो. आता कोणी मुद्दाम इतका लांब मजकूर पाठवला की तो ओळ ओलांडून हाशियावर गेला, मालकाची सूचना झाकली गेली आणि तिच्या जागी पाठवणाऱ्याची सूचना आली, तर? कातिब प्रामाणिकपणे तीच पाळील. संगणकाच्या भाषेत याला 'बफर ओव्हरफ्लो' म्हणतात.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी हे साऱ्या जगाने पाहिले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने इंटरनेटवर एक प्रोग्राम सोडला. त्याच्या शिरकावाच्या अनेक वाटांपैकी एक होती 'फिंगर' नावाची साधी सेवा. तिने ५१२ अक्षरांची जागा राखली होती. मॉरिसच्या प्रोग्रामने ५३६ पाठवली. जास्तीच्या २४ अक्षरांनी हाशियावरची सूचना बदलली. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे इंटरनेटवर सुमारे ६०,००० यंत्रे होती आणि त्यांतली सुमारे ६,००० बाधित झाली.

यावर उपाय नव्हता असे नाही. १९६१ मध्येच बरोज कंपनीच्या बी-५००० या यंत्रात मजकूर आणि हुकूम वेगळे ओळखण्याची सोय होती. पण ती यंत्रे मोठ्या संस्थांची. पुढे घराघरांत जो स्वस्त कॉम्प्युटर पोहोचला, त्याच्या प्रोसेसरमध्ये 'हे पान फक्त वाचायचे, अमलात आणायचे नाही' असे सांगणारी साधी, थेट खूणच नव्हती.

ती पोकळी आधी भरून काढायचा प्रयत्न केला तो कंपन्यांबाहेरच्या लोकांनी. १९९७ मध्ये 'सोलर डिझायनर' या टोपणनावाने लिहिणाऱ्या प्रोग्रामरने लिनक्ससाठी अशी दुरुस्ती तयार केली, की मेमरीच्या 'स्टॅक' या भागातले काहीही हुकूम म्हणून चालू नये. त्याच वर्षी आपल्याच कुलपाला वळसा कसा घालता येतो, हेही त्याने जाहीर केले. नवा हुकूम आत आणता येत नसेल, तर आत आधीच असलेले हुकूम वापरायचे. वर्तमानपत्रातले शब्द कातरून निनावी चिठ्ठी जोडावी तसे. २००७ मध्ये होवाव शाखम या संशोधकाने या युक्तीला पूर्ण शास्त्राचे रूप दिले.

म्हणून दुसरे कुलूप लागले. लिनक्सवरच्या पॅक्स प्रकल्पाने २००१ मध्ये मेमरीतल्या जागा दर वेळी बदलत ठेवण्याची पद्धत आणली. तिला एएसएलआर म्हणतात. शिक्षकाला ती लगेच कळते. परीक्षेत रोज बैठकव्यवस्था बदलली, की नक्कल करणाऱ्याला आपला माणूस कुठे बसणार हे आधी ठरवता येत नाही.

घरगुती ग्राहकापर्यंत हे पोहोचले ते मार खाल्ल्यावर. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा प्रोग्राम विंडोज एक्सपी आणि २००० च्या यंत्रांत घुसू लागला. पडद्यावर ६० सेकंदांची उलटी मोजणी दिसायची आणि कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. त्याच वर्षी एएमडीने आपल्या नव्या ६४-बिट प्रोसेसरमध्ये ती हरवलेली खूण बसवली. इंटेलने पुढच्या वर्षी. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर तिचा उपयोग करणारी सेटिंग आली. नाव डेटा एक्झिक्युशन प्रिव्हेन्शन, थोडक्यात डीईपी. १९६१ ची गोष्ट घरी यायला ४३ वर्षे लागली. एएसएलआर त्यानंतर विंडोज व्हिस्टाबरोबर आले.

इथेच या इतिहासातली आपल्याशी संबंधित तडजोड आहे. डीईपी सगळ्यांना लावले असते तर अनेक जुने प्रोग्राम बंद पडले असते, कारण ते स्वतःच मजकुराच्या जागेत हुकूम रचून चालवत. म्हणून घरगुती विंडोजमध्ये मूळ सेटिंग सौम्य ठेवली गेली: विंडोजचे स्वतःचे आवश्यक भाग आणि ज्या प्रोग्रामांनी तयार होतानाच होकार दिला आहे ते, एवढ्यांनाच संरक्षण. ६४-बिट प्रोग्रामांना डीईपी आपोआप लागू असते. उरतो तो होकार न दिलेला जुना ३२-बिट प्रोग्राम. तोच उघडा राहतो.

असे जुने प्रोग्राम सर्वांत जास्त काळ कोण वापरते? ज्यांच्या भाषेला पर्याय कमी, ते. इंग्रजीत लिहिणाऱ्याने दहा वर्षांत तीन प्रोग्राम बदलले. उर्दूच्या टायपिस्टकडे जुन्या फाइली, जुना फॉन्ट आणि हाताला बसलेला जुना कीबोर्ड असतो. मराठीतही जुन्या फॉन्टच्या फाइली सांभाळणारे डीटीपीवाले हेच सांगतील. तडजोड सर्वांच्या सोयीसाठी झाली, तिचा धोका मात्र आपल्या वाट्याला जास्त आला.

म्हणून आपल्या घरच्या विंडोजवर तीन ठिकाणे पाहावीत.

पहिले, डीईपी. 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' मध्ये 'परफॉर्मन्स' च्या खाली ते सापडते. तिथे दोन पर्याय आहेत: फक्त विंडोजच्या आवश्यक प्रोग्रामांना, किंवा आपण वगळलेले सोडून सर्वांना. दुसरा निवडावा आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा. एखादा जुना प्रोग्राम बंद पडू लागला तर तेवढाच यादीत घालून वगळता येतो. मात्र ज्या प्रोग्राममध्ये आपण बाहेरून आलेल्या फाइली उघडतो, तोच वगळणे म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवणे. त्याची नवी आवृत्ती घेणे अधिक शहाणपणाचे.

दुसरे, विंडोज १० आणि ११ मधील 'विंडोज सिक्युरिटी' तील 'एक्स्प्लॉइट प्रोटेक्शन'. इथल्या मूळ सेटिंग्ज तशाच ठेवाव्यात. सर्वच प्रोग्रामांवर एएसएलआरची सक्ती करण्याचा पर्याय मोह पाडतो, पण त्यासाठी न बनलेले प्रोग्राम कोसळू शकतात. प्रयोग करायचाच तर 'प्रोग्राम सेटिंग्ज' मध्ये एका प्रोग्रामपुरता करावा.

तिसरे, 'डिव्हाइस सिक्युरिटी' मधील 'मेमरी इंटिग्रिटी'. विंडोजच्या अगदी गाभ्यात तपासणी न झालेला हुकूम चालू नये, यासाठी ती आहे. ती चालू असावी. जुन्या प्रिंटरचा किंवा स्कॅनरचा ड्रायव्हर आड आला तर विंडोज त्याचे नाव दाखवते. नवा ड्रायव्हर शोधावा. तिच्यामुळे काही यंत्रांवर वेग थोडा कमी होतो हे खरे. गेम खेळणाऱ्यांना ती तात्पुरती बंद करता येईल, असे मायक्रोसॉफ्टनेच सांगितले आहे, पण खेळ संपल्यावर पुन्हा चालू करा, असेही सांगितले आहे. बंद करणे लक्षात राहते, चालू करणे राहत नाही.

ही कुलपे दुरुस्तीची जागा घेत नाहीत. प्रोग्राममधली चूक प्रोग्राम बनवणाऱ्यालाच सुधारावी लागते आणि ती सुधारणा आपल्याला उतरवून घ्यावी लागते. आपण होऊन ओटीपी सांगितला तर कोणतेही मेमरी-संरक्षण कामाला येत नाही. पण अनोळखी पत्त्यावरून 'मज़मून पाहून घ्या' म्हणून एखादी फाइल आली आणि घाईत उघडली गेली, तर तिच्यातला मजकूर मजकूरच राहावा, एवढी काळजी या सेटिंग्ज बऱ्याच प्रमाणात घेतात. पाहायला दहा मिनिटे लागतात. घरात जुना कॉम्प्युटर वापरणारे वडील किंवा टायपिंगचे काम करणारी बहीण असेल, तर त्यांच्याजवळ बसून पाहावे.