‘सांगणे’ आणि ‘वेगळे’ : उपाहारगृहातील मागणीचा इतिहास

माणदेशातील म्हसवड येथे मार्गशीर्षात श्रीसिद्धनाथाचा रथोत्सव भरतो. अशा यात्रेत भेळेच्या गाड्यापुढे क्षणभर उभे राहिल्यास ‘कांदा नको’, ‘तिखट बेताचं’, ‘ओली करा’ अशी वाक्ये कानी पडतात. वरवर क्षुल्लक भासणाऱ्या या भाषाव्यवहाराचा इतिहास मात्र उद्बोधक आहे.

अमेरिकेत सॅन बर्नार्डिनो येथे 1948 साली मॅकडोनल्ड बंधूंनी जी झटपट खाद्यपद्धती सुरू केली, तिचे सूत्र मोजके पदार्थ व एकच घडण हे होते. तेथे गिऱ्हाइकाची निराळी आवड म्हणजे कामातील खोळंबा. पुढे 1974 मध्ये बर्गर किंग या प्रतिस्पर्धी संस्थेने ‘हवे तसे घ्या’ अशा आशयाची जाहिरात करून त्याच खोळंब्याला आश्वासनाचे रूप दिले. आपल्याकडे क्रम उलट दिसतो. भेळ किंवा मिसळ यांचे घटक आधी सिद्ध असतात. मिश्रण मात्र मागणीनंतर होते. उसळ, फरसाण व कट यांचे प्रमाण बदलण्यास विक्रेत्यास वेगळे श्रम पडत नाहीत. म्हणून 1996 साली मॅकडोनल्डची उपाहारगृहे भारतात आली, तेव्हा पसंतीप्रमाणे मागणी करणे ही आपल्या गिऱ्हाइकास नवलाई नव्हती.

या व्यवहाराचे मराठी क्रियापद ‘सांगणे’ हे होय. ‘दोन चहा सांग’ या वाक्यात विनंती व आज्ञा यांची सीमारेषा पुसट आहे. इंग्रजीतून आलेल्या ‘ऑर्डर’ शब्दास मात्र कचेरीतील हुकुमाचाही अर्थ आहे. ‘कांदा नको’ यात तर कर्ताही उच्चारलेला नाही. बोलणाऱ्याचा अधिकार गृहीतच धरलेला आहे.

परंतु हा अधिकार सर्वांस सदैव नव्हता. अनेक गावांतील चहाच्या दुकानांत अस्पृश्य मानलेल्यांसाठी वेगळी कपबशी ठेवली जाई. तीही एका अर्थी माणूस पाहून केलेली व्यवस्थाच होती. फरक इतकाच की निवड गिऱ्हाइकाची नसून दुकानदाराची, किंबहुना जातीची होती. राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदाने 1950 मध्ये सार्वजनिक उपाहारगृहांतील प्रवेशास असलेली आडकाठी दूर केली. 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने तेथील भांडी वापरण्यास मज्जाव करणे दंडनीय ठरविले. कायद्याने प्रथा तत्काळ नाहीशी झाली असे नव्हे. पण मागणी करण्याचा हक्क त्याने निःसंदिग्ध शब्दांत मान्य केला.

‘वेगळे’ हा एकच शब्द दोन इतिहास वाहतो. ‘मला वेगळं करून द्या’ यात आवडीचा मान आहे. ‘त्याला वेगळं द्या’ यात माणसाचा अवमान होता. ‘मला’ आणि ‘त्याला’ या दोन रूपांमधील अंतर हाच या विषयाचा खरा इतिहास होय. पदार्थांच्या इतिहासाचा अभ्यास करताना केवळ काय खाल्ले जाई याची नोंद पुरेशी नाही. ते कोणास, कोणत्या शब्दांत मागता येत होते, हेही विचारले पाहिजे.