अटकेचे दफ्तर : पाथरी परगण्यापासून जिल्हा नियंत्रण कक्षापर्यंत

पकडलेल्या माणसाचे नाव कोठेतरी लिहून ठेवण्याची रीत राज्यकारभाराइतकीच जुनी आहे. परंतु ते नाव पकडणाऱ्या अंमलदाराखेरीज इतरांनाही वाचता आले पाहिजे, हा विचार कायद्यात येऊन अवघी तीन दशके झाली आहेत. परभणी जिल्ह्यातील पाथरी हे या प्रवासाचा मागोवा घेण्यास सोयीचे ठिकाण आहे. बहमनी, इमादशाही, निजामशाही, मोगल, आसफजाही, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशा एकामागून एक सत्ता या गावाने पाहिल्या आणि प्रत्येक सत्तेने लिहिण्याची भाषा, कालगणना आणि कागद बदलले. एक गोष्ट मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बदलली नाही, ती म्हणजे अटकेची नोंद ही सरकारने सरकारसाठी केलेली नोंद होती.

अकबराच्या काळात रचलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार, म्हणजे आजच्या जिल्ह्याशी ढोबळमानाने तुलना करता येईल असा विभाग, म्हणून नोंदले आहे. त्याच ग्रंथात शहराच्या बंदोबस्ताचा अधिकारी असलेल्या कोतवालाने घराघरांची व रहिवाशांची नोंद ठेवावी, नव्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवावे, अशी आज्ञा आहे. ही नोंदवही नागरिकाच्या उपयोगाची नव्हती, ती पाळतीची वही होती. खेड्यात हे काम पाटील करीत असे आणि त्याच्याकडील महत्त्वाचा कागद म्हणजे जामीनकतबा किंवा मुचलका, अर्थात पुन्हा आगळीक करणार नाही किंवा बोलावल्यावेळी हजर राहीन असे लिहून दिलेले बंधपत्र. पकडलेल्याला सोडताना असा कागद होत असे. पकडताना मात्र त्याच्या हातात काहीच पडत नसे.

आधुनिक अर्थाने अटकेचे दफ्तर सुरू झाले ते हैदराबाद संस्थानात. दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे संस्थानाची जिल्हे व तालुके अशी नव्याने विभागणी केली, आणि त्यानंतर जिल्ह्यांसाठी पगारी पोलीस दल उभे राहिले. जिल्हा पोलिसांचा प्रमुख मोहतमीम, ठाण्याचा प्रमुख अमीन, त्याखाली जमादार आणि जवान अशी ही उतरंड होती; तर जिल्ह्याचा मुलकी प्रमुख, ज्याला पुढे कलेक्टर म्हटले गेले, तो अव्वल तालुकदार म्हणून ओळखला जाई. गावात वसुलीसाठी माली पाटील आणि बंदोबस्तासाठी पोलीस पाटील अशी दोन वतने होती. मराठवाड्यात ही दोन्ही नावे आजही आडनावांच्या रूपाने टिकून आहेत. गावातून ठाण्यात, ठाण्यातून तालुक्याला आणि तालुक्यातून जिल्ह्याला असा हा कागद वर वर चढत जाई. खाली, म्हणजे ज्याच्याविषयी तो लिहिला त्याच्याकडे किंवा त्याच्या घरच्यांकडे, तो कधी उतरत नसे.

शिवाय तो वाचताही येत नसे. १८८४ च्या सुमारास संस्थानाच्या कचेऱ्यांत फारसीची जागा उर्दूने घेतली, परंतु पाथरीच्या बहुसंख्य रयतेची भाषा मराठी होती आणि तिचा लिहिण्याचा सराव, असलाच तर, मोडीचा होता. तारखा फसली सनात पडत. या सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो. अटक झालेल्या शेतकऱ्याच्या नावापुढचा मजकूर त्याच्या भाषेत नाही, तारीख त्याच्या पंचांगातली नाही आणि खाली उठवलेला अंगठा तेवढा त्याचा, ही स्थिती केवळ गैरसोयीची नव्हती. कागदातील मजकुरावर हरकत घेण्याची वाटच तिने बंद केली होती.

स्वातंत्र्यलढ्याने या दफ्तराला अनपेक्षित महत्त्व दिले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासह अनेकांनी सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला आणि १९४७-४८ च्या अखेरच्या टप्प्यात धरपकड आणखी वाढली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान शरण आले आणि लढा संपला. पुढे १९७२ मध्ये केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना आणली, तेव्हा सर्वसाधारणपणे किमान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा पुरावा मागितला गेला, आणि जी नोंद एकेकाळी माणसाला गुन्हेगार ठरवण्यासाठी केली होती तीच त्याच्या सन्मानाची गुरुकिल्ली झाली. जेथे तुरुंगाचे दफ्तर सापडत नव्हते तेथे नोंदी उपलब्ध नसल्याचा दाखला आणि सोबतच्या कैद्याचे प्रमाणपत्र चालत असे. या सवलतीचा गैरफायदाही घेतला गेला : गोदावरीच्या पलीकडच्या बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. खऱ्या सैनिकांच्या नोंदी जपल्या गेल्या असत्या, तर खोट्यांना एवढी जागा मिळालीच नसती.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने १९५० पासून अटकेचे कारण सांगणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक केले. १९५६ मध्ये परभणी जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि दफ्तराची भाषा हळूहळू मराठी झाली. वॉरंटाशिवाय केलेल्या अटकांचा अहवाल जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याला पाठवण्याचे बंधनही कायद्यात होते. पण हा अहवालसुद्धा एका कचेरीकडून दुसऱ्या कचेरीकडे जाणारा होता. पाथरीतून उचललेला माणूस कोणत्या ठाण्यात आहे, हे त्याच्या घरच्यांना कळण्याची खात्री त्यातून मिळत नव्हती.

ती खात्री न्यायालयाने दिली. पश्चिम बंगालमधील डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंविषयी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राचीच याचिका झाली आणि १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात अकरा दंडक घालून दिले गेले. अटकेचे टिपण जागेवरच करावे, त्यात तारीख व वेळ असावी, कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यावी, अटक झालेल्याचीही सही घ्यावी. आणि अकरावा दंडक असा, की जिल्हा नियंत्रण कक्षाला बारा तासांत कळवून ती माहिती ठळक फलकावर लावावी. या कागदातला सर्वांत मोलाचा रकाना वेळेचा आहे, कारण चोवीस तासांची घटनात्मक मुदत त्याच रकान्यापासून मोजली जाते. २००९ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१ नंतर घातलेल्या ४१-ग या कलमाने फलकाला कायद्याचे बळ दिले : अटक झालेल्यांची नावे-पत्ते आणि अटक करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे व हुद्दे जिल्हा नियंत्रण कक्षाबाहेर लावणे सक्तीचे झाले.

फलक ही किरकोळ बाब नव्हे, हे परभणीला कटू अनुभवाने ठाऊक आहे. घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये अटक झालेला परभणीचा एक तरुण अभियंता वाटेत पळून गेल्याची नोंद पोलिसांनी केली, तर नंतरच्या तपासात तो कोठडीतच मरण पावल्याचा निष्कर्ष निघाला आणि पोलिसांवर खटला दाखल झाला. डिसेंबर २०२४ मध्ये परभणी शहरातील हिंसाचारानंतर अटक झालेल्या विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. अशा वेळी कोणी, केव्हा आणि कोठे ताब्यात घेतले याचा त्याच दिवशी उघड झालेला कागद हाच कुटुंबाचा पहिला आधार असतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ ने हे कर्तव्य प्रत्येक पोलीस ठाण्यापर्यंत आणले असून सहायक उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी त्यासाठी नेमावयाचा आहे. नाव, पत्ता व गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयी, संगणकीय पद्धतीनेही, प्रदर्शित करावयाचे आहे. पाथरीच्या माणसाला त्यासाठी परभणी गाठावी लागू नये, हा मोठाच लाभ आहे. मात्र जुन्या कलमात अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव फलकावर होते, ते नव्या कलमाच्या यादीत नाही. अटक झालेल्याचे नाव जगापुढे आणि करणाऱ्याचे नाव आत, ही उलटापालट कायद्याच्या मूळ हेतूला बाधक आहे. अमेरिकेत अनेक परगण्यांत शेरीफची कचेरी अटक झालेल्यांची नावे व छायाचित्रे सर्रास खुली करते आणि निर्दोष सुटलेल्यांनाही तो डाग आयुष्यभर वागवावा लागतो; आपल्या फलकाचा हेतू तसा नाही, तो अटक झालेल्याच्या रक्षणासाठी आहे.

या दफ्तराचे जुने थर आजही वापरात आहेत. ७ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने न्या. संदीप शिंदे (निवृत्त) समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात मराठा समाजाला कुणबी जातप्रमाणपत्रे देण्यासाठी निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली व शालेय कागदांबरोबर पोलिसांची गुन्हे नोंदवही, अटक पंचनामे आणि तुरुंगातील कच्च्या-पक्क्या कैद्यांच्या नोंदवह्याही तपासल्या गेल्या, कारण त्यांत जातीचा रकाना असे. सुमारे वर्षभरानंतर, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी योग्य आहेत : पुढच्या कैद्याची जात लिहू नये, आणि मागच्या वह्या मात्र नष्ट होऊ देऊ नयेत.

त्या वह्या उर्दू आणि मोडीत आहेत, आणि दोन्ही सराईतपणे वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. शासनाने प्रमाणपत्रांच्या निमित्ताने उघडलेली ही दफ्तरे काम संपताच पुन्हा गाठोड्यात बांधू नयेत. तालुक्यागणिक त्यांची सूची करावी, छायाप्रती पुराभिलेखागारात ठेवाव्यात आणि त्या अभ्यासकांना व वारसांना पाहू द्याव्यात.