एक वही, अनेक हात : कर्नलच्या नोंदींचा इतिहास

आज आपण एका छोट्या बिघाडाच्या निमित्तानं लिनक्सचा इतिहास बघणार आहोत. समजा, पडद्यावर अशी ओळ आली : 'डिस्नेटक सापवर्कडली चालू'. पहिला संशय केबलवर जातो. पण नीट वाचलं तर यात दोन धड वाक्यं आहेत : 'डिस्क सापडली' आणि 'नेटवर्क चालू'. दोन प्रोसेसर एकाच वेळी बोलले, एवढंच.

कर्नलमध्ये संदेश छापणाऱ्या फंक्शनचं नाव 'प्रिंटके'. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स जाहीर केलं, तेव्हा समोर ३८६ प्रोसेसरचा पीसी होता. म्हणजे बोलणारा एकच. १९९६ च्या २.० आवृत्तीनं अनेक प्रोसेसरांची सोय केली, पण सगळ्या कर्नलला मिळून एकच मोठं कुलूप ठेवलं. एक प्रोसेसर आत, तर दुसरा दाराशी उभा. वेग कमी, पण सरमिसळीला वावही कमी. पुढे वेगासाठी त्या कुलपाची जागा लहान लहान कुलपं घेत गेली. मोठं कुलूप २०११ मध्ये, २.६.३९ आवृत्तीत, कायमचं निघालं.

प्रिंटकेलाही स्वतःचं कुलूप मिळालं. त्यामुळे एका हाकेत छापलेला मजकूर सलग राहू लागला. पण प्रोग्रामर अर्धी ओळ छापायचे, काहीतरी तपासायचे आणि मग उरलेली छापायचे. या मधल्या फटीत दुसरा प्रोसेसर शिरायचा. असं तुकड्यांनी लिहिणं बहुप्रोसेसर यंत्रावर सुरक्षित नाही, अशी ताकीद कर्नलच्या सोर्समध्येच लिहिलेली आहे.

तुम्ही म्हणाल, मग कुलूप आणखी घट्ट का नाही लावलं? इथेच खरी गोम आहे. कुलूप हातात असतानाच एखादा प्रोसेसर कोसळला तर? बाकीचे वाट बघत बसणार, आणि यंत्र का मेलं हे सांगणारा संदेश बाहेरच येणार नाही. म्हणून कर्नलकारांनी ठरवलं की प्राणांतिक चूक झाली की कुलूप मोडायचं. शेवटचे शब्द अडखळत आले तरी चालतील, पण आले पाहिजेत.

त्यात सीरियल लाइन संथ. सेकंदाला १,१५,२०० बिट म्हणजे साधारण साडेअकरा हजार अक्षरं. ८० अक्षरांच्या ओळीला सात मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात प्रोसेसर लाखो सूचना उरकतो.

यातून वाट हळूहळूच निघाली. २०१२ च्या ३.५ आवृत्तीत लॉग म्हणजे नुसता अक्षरांचा ओघ न राहता प्रत्येक संदेश स्वतंत्र नोंद झाला. २०१९ च्या ५.१ मध्ये कोण बोललं, म्हणजे कुठला प्रोसेसर किंवा कुठलं टास्क, हे ओळीच्या सुरुवातीला छापण्याची सोय आली. २०२० च्या ५.१० मध्ये जॉन ऑग्नेस यांनी घडवलेला, कुलपाशिवाय चालणारा बफर आला. रिअल-टाइमचं काम मुख्य कर्नलमध्ये यायला २०२४ ची ६.१२ आवृत्ती उजाडली, आणि शेवटपर्यंत अडून बसलेल्या गोष्टींत हाच प्रिंटके होता.

आता तुमच्यासमोर असा लॉग आला तर काय कराल? आधी 'डीमेसेज' आज्ञेनं बफरमधली प्रत बघा. ती सरळ आणि फक्त कन्सोल विस्कटलेला, तर दोष बाहेर पडण्याच्या वाटेवर आहे. अक्षरंच ओळखू येत नसतील तर दोन्ही टोकांचा बॉड रेट जुळवून बघा. ओळखीचेच शब्द तुकड्यातुकड्यांनी मिसळले असतील, तर बोलणाऱ्याची खूण छापायला लावा आणि तुकडे वेगळे करा.

आम्हाला एवढंच सांगायचंय, की गोंधळलेला लॉग म्हणजे खोटा लॉग नव्हे. दोन साक्षीदार एकदम बोलले म्हणून दोघांनाही बाहेर काढू नका. आधी एकेकाचं म्हणणं वेगळं मांडा, मग निवाडा करा.