जेसन विनंतीचे वाचन

जेसन विनंतीचे वाचन म्हणजे एचटीटीपी विनंतीबरोबर आलेला जेसन स्वरूपातील मजकूर वेब सेवेने सर्व्हरवर ग्रहण करून, त्याचे आज्ञावलीला वापरता येईल अशा विदेत रूपांतर करण्याची आणि ती विदा तपासण्याची प्रक्रिया होय. मोबाइल अ‍ॅप किंवा संकेतस्थळांवरून पाठवलेले अर्ज अनेकदा याच मार्गाने स्वीकारले जातात. देवनागरी मजकूर सुरक्षित राहण्याच्या दृष्टीने या प्रक्रियेतील क्रम महत्त्वाचा असतो.

विनंतीची रचना

विनंतीच्या हेडरमध्ये मजकुराचा प्रकार आणि बहुधा त्याची लांबी दिलेली असते. त्यानंतर मुख्य मजकूर येतो. उदाहरणार्थ, सोलापूर जिल्ह्यातील एका गावाची नोंद पुढीलप्रमाणे पाठवता येते:

{"गाव": "श्रीपूर", "तालुका": "माळशिरस", "जिल्हा": "सोलापूर"}

वाचनाचे टप्पे

१. मजकुराचा प्रकार जेसन आहे का, हे पाहणे. नसल्यास सेवा ४१५ हा प्रतिसाद देऊ शकते.
२. कमाल आकाराची मर्यादा पाळून सर्व बाइट गोळा करणे. मर्यादा ओलांडल्यास ४१३ हा प्रतिसाद देतात. एक्सप्रेस या चौकटीत ही मर्यादा मुळात १०० किलोबाइट असते.
३. बाइटचे यूटीएफ-८ नुसार अक्षरांत रूपांतर करणे.
४. जेसनचे व्याकरण तपासून विदा तयार करणे. व्याकरण चुकल्यास ४०० हा प्रतिसाद देतात.
५. आवश्यक रकाने आणि त्यांचे प्रकार तपासणे. व्याकरणशुद्ध जेसनमधील माहितीही चुकीची असू शकते.

पीएचपीमध्ये अर्जाची माहिती देणारा नेहमीचा 'पोस्ट' संच जेसन विनंतीने भरला जात नाही. त्यामुळे मूळ मजकूर इनपुट प्रवाहातून वाचावा लागतो.

देवनागरी मजकूर

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८२५९ या मानकानुसार, स्वतंत्र प्रणालींमध्ये देवाणघेवाण होणारे जेसन यूटीएफ-८ मध्ये असणे बंधनकारक आहे. त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. 'श्रीपूर' हा शब्द वाचताना तीन अक्षरांचा असला, तरी युनिकोडमध्ये त्याची ७ चिन्हे आणि एकूण २१ बाइट होतात. हेडरमधील लांबी बाइटमध्ये मोजली जाते. ती चिन्हांच्या संख्येवरून ठरवल्यास मजकूर अपुरा वाचला जातो.

मोठी विनंती तुकड्यातुकड्यांनी येते. एखाद्या चिन्हाचे ३ बाइट दोन तुकड्यांत विभागले गेले आणि प्रत्येक तुकड्याचे स्वतंत्रपणे रूपांतर केले, तर त्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. जेसनचे व्याकरण मात्र शुद्धच राहते. त्यामुळे त्रुटीचा प्रतिसाद न येता बिघडलेले नाव नोंदवले जाऊ शकते. म्हणून सर्व बाइट एकत्र करून मगच रूपांतर करतात किंवा अपूर्ण चिन्ह राखून ठेवणारा वाचक वापरतात.

अंकांचे लेखन

जेसनमधील संख्या केवळ इंग्रजी अंकांत लिहिता येतात. देवनागरी अंक अवतरणचिन्हांतील मजकूर म्हणूनच चालतात. संख्येच्या आरंभी अतिरिक्त शून्यही चालत नाही. त्यामुळे शून्याने सुरू होणारा बँक खाते क्रमांक किंवा '१२/३' सारखा गट क्रमांक मजकूर म्हणूनच पाठवावा लागतो.