पाठीचा कणा आणि पायाळू मूल

गर्भारपणात स्त्रीची कंबर दुखावयाचीच, असे आपण इतक्या सहजपणे म्हणतो की, त्या दुखण्यालाही काही इतिहास असू शकेल हे आपल्या मनात येत नाही. घरातील वडीलधाऱ्या बायका तेलाची वाटी आणि शेकाची शेगडी पुढे करीत; डॉक्टर ‘बाळंतपण झाले की बरे वाटेल’ असे सांगून मोकळे होत. निम्म्याहून अधिक गर्भवती ज्या वेदनेतून जातात, तिच्याकडे वैद्यकशास्त्राने पुष्कळ काळ पाठच फिरविली होती. अमेरिकेत ही रिकामी जागा एका निराळ्याच पंथाने व्यापली. त्या पंथाचे नाव कायरोप्रॅक्टिक. त्याने केलेले दावे कोणते, त्यांतील टिकले काय आणि गळले काय, हे श्रोतेहो, आज पाहावयाचे आहे.

या कथेचा आरंभ आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या डॅव्हनपोर्ट या गावी झाला. डॅनियल डेव्हिड पामर हा गृहस्थ १८४५ साली कॅनडात जन्मला. मास्तरकी, मधमाश्यांचे पालन, किराणा दुकान असे नाना उद्योग करून तो अखेर हस्तस्पर्शाने ‘चुंबकीय’ उपचार करू लागला. १८ सप्टेंबर १८९५ रोजी, आपल्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वे लिलर्ड नावाच्या जवळजवळ बहिऱ्या माणसाच्या पाठीतील सरकलेला मणका आपण दाबून जागेवर बसविला आणि त्यास ऐकू येऊ लागले, असे पामर सांगे. श्रवणाचा मज्जातंतू मेंदूकडे जातो तो पाठीच्या कण्यातून जात नाही, ही अडचण टीकाकारांनी लगेच दाखविली. परंतु पामरचा उत्साह त्याने कमी झाला नाही. ‘हात’ आणि ‘कृती’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून सॅम्युएल वीड या धर्मोपदेशकाने नव्या विद्येला नाव सुचविले, आणि १८९७ साली पामरने तिची शाळाही काढली.

शंभरांतील पंच्याण्णव रोग मणके सरकल्यामुळे होतात आणि उरलेले पाच इतर सांधे सरकल्यामुळे, असा त्याचा सिद्धांत होता. एवढी मोठी जाळी एकदा टाकली म्हणजे गर्भवती स्त्री तिच्यातून सुटणार कशी? तिचे दुखणे, तिची प्रसूती, तिचे तान्हे मूल ही सारी या उपचाराच्या कक्षेत आली. स्त्रियाही या व्यवसायात पहिल्या पिढीपासून होत्या. या विद्येचे पहिले पाठ्यपुस्तक १९०६ साली निघाले. त्याच्या तीन लेखकांपैकी मिनोरा पॅक्सन ही एक स्त्री होती.

त्याच १९०६ साली पामरला परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल तुरुंगाची हवा खावी लागली. त्याच्या मागोमाग अनेक अनुयायी तुरुंगात गेले, आणि प्रत्येक खटल्यागणिक या पंथाला हुतात्मे मिळत गेले. १९१३ साली कॅन्सस राज्याने परवान्याचा कायदा केला. शेवटचे राज्य लुइझियाना, त्याने तो केला १९७४ साली. म्हणजे एका देशात एका धंद्याला सर्वत्र मान्यता मिळण्यास एकसष्ट वर्षे लागली.

पामरचा मुलगा बार्टलेट जोशुआ हा बापाहून अधिक व्यवहारचतुर निघाला. १९२२ साली त्याने डॅव्हनपोर्टमध्ये एक नभोवाणी केंद्र विकत घेतले आणि आपल्या विद्येचा प्रसार घरोघर पोचविला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांना निवेदकाची पहिली नोकरी १९३२ साली याच केंद्राने दिली. १९१० साली या मुलाने क्ष-किरणांचे यंत्रही शाळेत आणले होते. मणक्यांची छायाचित्रे हा या व्यवसायाचा मोठा आधार झाला. त्या काळी डॉक्टरही गर्भवतीच्या पोटाची अशी छायाचित्रे निःशंकपणे घेत. गर्भावस्थेत क्ष-किरण लागलेल्या मुलांत कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळते, हे इंग्लंडमधील डॉक्टर अॅलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ व १९५८ साली दाखविले, तेव्हा दोन्ही पक्षांना सावध व्हावे लागले.

दोन्ही पक्षांतील वैर मात्र वाढतच होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ साली भोंदूगिरीविरुद्ध एक समिती नेमली; या पंथाला आळा घालणे हे तिचे मुख्य काम. डॉक्टरांनी या मंडळींशी व्यावसायिक संबंध ठेवू नयेत, असा दंडक होता. चेस्टर विल्क आणि त्यांचे काही सहव्यावसायिक १९७६ साली न्यायालयात गेले. १९८७ साली न्यायाधीश सुझन गेटझेंडॅनर यांनी हा बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, असा निर्णय दिला. कायद्यापुढचा हा विजय होता. उपचाराची सत्यता त्याने सिद्ध झाली, असे मात्र कोणी समजू नये.

आता गर्भवतीकडे वळू. गर्भ वाढतो तसा शरीराचा भार पुढे येतो, कमरेचा बाक वाढतो आणि ओटीपोटाच्या सांध्यांचे बंध सैल होतात. फ्रेडरिक हिसॉ या शास्त्रज्ञाने १९२६ साली गिनीपिग या प्राण्यावर प्रयोग करून असे शैथिल्य आणणाऱ्या, रिलॅक्सिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या द्रव्याचा शोध लावला. रक्तातील या द्रव्याचे प्रमाण आणि वेदनेचे प्रमाण यांचा सरळ हिशेब जुळत नाही. तरी दुखणे खरे आहे, मनाचे खेळ नव्हेत. ज्या स्त्रीचे दुखणे इतरांनी ऐकून सोडून दिले, तिला उशांचा आधार देऊन कुशीवर निजविणारा आणि ‘कोठे दुखते?’ असे अर्धा तास विचारणारा माणूस आपलासा वाटला, यात नवल नाही.

येथेच जुन्या मोठ्या दाव्याने पुन्हा डोके वर काढले. लॅरी वेब्स्टर यांनी, ज्यांनी १९८६ साली बालकांच्या कायरोप्रॅक्टिक उपचारासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापिली, कमरेखालचे त्रिकास्थी जुळविण्याची एक रीत शिकविली. तिच्यामुळे पायाळू गर्भ फिरून डोके खाली करतो, अशी ख्याती झाली. आपल्याकडे पायाळू माणसाची लाथ बसली की उसण उतरते, अशी समजूत आहे. म्हणजे आपल्याकडे पायाळू माणूस दुसऱ्याची पाठ बरी करी, आणि तिकडे पाठीवरच्या उपचाराने पायाळूपणच जाई!

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या रीतीला ८२ टक्के यश मिळते, असा आकडा आला. तो आकडा उपचार करणाऱ्यांनीच कळविला होता, आणि उपचार न झालेल्या स्त्रियांशी तुलना त्यात नव्हती. आठव्या महिन्याच्या आसपास पायाळू असलेले बहुतेक गर्भ आपोआपच फिरतात. पूर्ण दिवस भरतात तेव्हा असे गर्भ शंभरांत तीन-चारच उरतात. मग श्रेय कोणाचे? त्या संस्थेनेही ही रीत गर्भ फिरविण्याची म्हणून सांगू नये, ओटीपोटाच्या सांध्यांपुरतीच मानावी, अशी भूमिका पुढे घेतली. दिवस भरत आल्यावर पोटावरून हाताने गर्भ फिरविण्याची क्रिया प्रसूतितज्ज्ञ रुग्णालयात करतात. ती जवळजवळ निम्म्या वेळा साधते. पाठीच्या उपचारावर विसंबून ही संधी दवडणे हिताचे नाही.

मग उरले काय? कंबरदुखीला थोडाफार उतार. गर्भवतींच्या कंबरदुखीवरील चाचण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली निघाला. व्यायामाने वेदना कमी होते, पण तो पुरावाही फारसा भक्कम नाही. हाताने करावयाच्या उपचारांविषयीच्या चाचण्या त्याहून थोड्या, असे त्यात दिसते. प्रसूतीनंतरच्या उपचाराविषयी तर पुरावा आणखीच तुटपुंजा आहे. बंध पूर्ववत होण्यास काही महिने लागतात, आणि तोवर विश्रांती, बेताचा व्यायाम व मदतीचा हात यांची गरज असते.

ज्या स्त्रीला अशा उपचाराकडे जावेसे वाटेल, तिने आपल्या प्रसूतितज्ज्ञाला आधी सांगावे आणि मानेला झटका देऊ पाहणाऱ्याला नकार द्यावा. रक्तस्राव, पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, एका पायाला सूज येऊन दुखणे, पाय बधिर होणे, लघवीवरचा ताबा जाणे, यांपैकी काही झाल्यास मणक्यांचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

पामरने सर्व रोगांचे मूळ एका मणक्यात शोधले, आणि सव्वाशे वर्षांत त्या दाव्याचा बराचसा भाग ओसरून गेला. तरीही हा व्यवसाय टिकला, याचे एक कारण असे की, दुखणाऱ्या कमरेवर हात ठेवणारे आणि तक्रार ऐकून घेणारे दुसरे कोणी जवळ नव्हते. आपल्या घरातील गर्भवतीला तसे कोणी आहे की नाही, हे आपणच पाहावयाचे आहे.