भुतांचे राखणदार

मजुरी, बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलण्यात ज्याची हयात गेली, त्याने या व्यासपीठावरून भुताखेतांच्या चित्रपटांविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु आमचा विषय भुते हा नाही. भुतांचे चित्रपट जपून ठेवणारी माणसे हा आहे. इंग्लंड-अमेरिकेत हल्ली जुन्या भयपटांच्या तबकड्या मोजक्या प्रतींत निघतात. सोबत सुबक वेष्टन, माहितीची पुस्तिका, क्वचित भित्तिपत्रकही असते, आणि हौशी लोक त्यांवर उड्या टाकतात. हा रिकामटेकड्यांचा छंद आहे, असेच आम्हीही आधी समजत होतो. इतिहास वाचल्यावर ते मत आम्हांला बदलावे लागले.

या कथेचा आरंभ जर्मनीत होतो. १९२२ साली मुर्नाऊ या दिग्दर्शकाचा ‘नोस्फेराटू’ हा मूकपट बर्लिनमध्ये झळकला. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवरून तो रीतसर परवानगी न घेता बेतला होता. पात्रांची नावे बदलली, पण कथा लपली नाही. स्टोकर यांच्या विधवा पत्नीने दावा लावला. चित्रपट काढणाऱ्या ‘प्राणा’ कंपनीचे तोवर दिवाळे निघाले होते. अखेर १९२५ साली न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. कायद्याच्या दृष्टीने फिर्यादी बाईंची बाजू खरी होती, हे कबूल केले पाहिजे. तरीही काही प्रती देशाबाहेर गेल्या होत्या, त्या वाचल्या. पॅरिसच्या ‘सिनेमाथेक’ या संग्रहालयात राहिलेली, फ्रेंच मजकुराची एक रंग दिलेली प्रत पुढे या चित्रपटाच्या जीर्णोद्धाराला आधारभूत ठरली. हुकूम मोडून का होईना, कोणी तरी ती ठेवली, म्हणून आज ती जगाला दिसते.

आता याच्या अगदी उलट उदाहरण पाहा. १९२७ साली अमेरिकेतील बड्या ‘मेट्रो-गोल्डविन-मेयर’ कंपनीने ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ हा भयपट काढला. दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग, नट लॉन चेनी. त्याच्यावर कोणाचा दावा नव्हता, मालक श्रीमंत होता, प्रत कंपनीच्याच कोठारात होती. त्या काळची नायट्रेट फिल्म म्हणजे ज्वालाग्राही वस्तू. १९६५ साली कोठाराला आग लागली आणि त्या चित्रपटाची शेवटची ज्ञात प्रत भस्म झाली, असे मानले जाते. उरली ती छायाचित्रे. ती जोडून २००२ साली चित्रपटाचा सांगाडा उभा करण्यात आला. चित्रपट गेला; पण त्याचे एक भित्तिपत्रक २०१४ साली लिलावात ४,७८,००० डॉलरांना विकले गेले! जाहिरात जिवंत आणि माल मृत, असा हा प्रकार.

या दोन उदाहरणांवरून एवढे तरी दिसते की, मालकी आणि राखण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या चळवळीत हा अनुभव नवा नाही. एकदा एका जुन्या कराराची प्रत हवी होती. ती ना कचेरीत सापडली ना आमच्या संघटनेच्या दप्तरात. सापडली ती एका निवृत्त कामगाराच्या पत्र्याच्या ट्रंकेत. त्याने ती का ठेवली, हे त्याला स्वतःलाही सांगता येईना.

चित्रपट सामान्य माणसाच्या ट्रंकेत शिरला तो आधी आठ मिलिमीटरच्या फितीच्या रूपाने. ‘कॅसल फिल्म्स’ ही अमेरिकन संस्था जुन्या भयपटांचे काही मिनिटांत आटोपणारे तुकडे विकत असे, आणि पोरे ते घरच्या भिंतीवर पाहत. पुढे १९७६ साली जपानात व्हीएचएस कॅसेट आली आणि संपूर्ण चित्रपट हातात घेऊन घरी नेता येऊ लागला.

येथे सरकार जागे झाले. इंग्लंडात प्रारंभी कॅसेटना प्रमाणपत्राची अट नव्हती. वृत्तपत्रांनी मुलांच्या नावाने काहूर उठवले. पोलिसांनी दुकानांतून कॅसेट उचलल्या. सरकारी अभियोक्त्यांच्या याद्यांत निरनिराळ्या वेळी मिळून ७२ चित्रपट चढले. एका वितरकाला तुरुंगवासही घडला. १९८४ साली कायदा होऊन प्रत्येक कॅसेटला प्रमाणपत्र सक्तीचे झाले. त्यासाठी पडणारा खर्च बड्यांना परवडला, लहान वितरकांच्या मात्र तो मुळावर आला. मुलांचे रक्षण करू नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु प्रौढांच्याही हातून ज्या वस्तू काढून घेतल्या, त्यांत सॅम रेमी याचा ‘ईव्हिल डेड’ होता, आणि तोच चित्रपट २००१ साली इंग्लंडातच विनाकाटछाट संमत झाला. मधल्या काळात कायद्यापूर्वीच्या मूळ कॅसेट ज्यांनी कपाटात दडवल्या, ते संग्राहक बनले. त्याहून गंमत म्हणजे, युरोपीय आयोगाला रीतसर कळवायचे राहून गेल्यामुळे हा कायदा अमलात आणण्याजोगाच नव्हता, हे २००९ साली उघड झाले आणि २०१० साली तो पुन्हा मंजूर करावा लागला!

आता मोजक्या प्रतींच्या आवृत्त्यांकडे वळू. ‘ट्वायलाइट टाइम’ या छोट्या अमेरिकन संस्थेने २०११ साली ‘फ्राइट नाइट’ या १९८५ सालच्या भयपटाच्या अवघ्या ३,००० ब्ल्यू-रे तबकड्या काढल्या. त्या संपल्या आणि दुय्यम बाजारात भाव भडकले. कोणी म्हणेल, ही तर कृत्रिम टंचाई! आमच्याही मनात प्रथम साठेबाजच आला. यात खोटे काही नाही. पण दुसरी बाजूही आहे. बडा मालक ज्या चित्रपटाकडे ढुंकून पाहत नाही, त्याचे हक्क लहान संस्था ठरावीक मुदतीपुरते घेते, आणि थोड्या निष्ठावंत गिऱ्हाइकांच्या भरवशावर खर्च भरून काढते. अशाच धडपडीतून कित्येक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह शोधून काढल्या गेल्या व धुऊनपुसून पुन्हा उजेडात आल्या.

आमच्या मुंबईच्या रामसे बंधूंचेच पाहा. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) आणि ‘पुराना मंदिर’ (१९८४) यांना प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. पण ज्या लोकांनी गावोगावच्या टॉकीजमध्ये तिकिटे काढून ते पाहिले, ते आमचेच लोक होते. या बंधूंचे काही चित्रपट परदेशी रसिकांसाठी तबकडीवर आणले ते ‘मोंडो मॅकाब्रो’ या विलायती संस्थेने. आपल्या घरातले भूतही परक्याने सांभाळावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

आज चित्रपट तारेवरून घरात येतो. त्यात सोय आहे. पण करार संपला की चित्रपट यादीतून नाहीसा होतो आणि पैसे भरणाऱ्याला विचारतो कोण? कपाटातली तबकडी अशी रातोरात उठून जात नाही. मात्र संग्राहकांनाही आमचे एक सांगणे आहे. भाव चढेल म्हणून वेष्टनही न फोडता जी प्रत ठेवली, ती राखण नव्हे, ती गुंतवणूक झाली. राखणदाराने चार माणसे बोलावून चित्रपट दाखवला पाहिजे.

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर आपले बहुतेक मूकपट हातचे गेले होते. पी. के. नायर यांनी पुढे जन्मभर दारोदार फिरून जे मिळाले ते जमवले. तेव्हा श्रोतेहो, घरी गेल्यावर माळ्यावरची जुनी ट्रंक एकदा खाली काढा. तीत फीत असो, कॅसेट असो की एखाद्या विसरलेल्या संपाचे पत्रक असो, ते रद्दीवाल्याच्या तागडीत घालण्यापूर्वी कोणा जाणत्याला दाखवा.