खामगावच्या गठाणीपासून शिवारातल्या डब्यापर्यंत

आजची पोस्ट थोडी लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात एका रेशन दुकानासमोर दीड तास उभा होतो. तांदूळ समोर, मशीन समोर, अंगठा लावायला माणसं समोर. तरी वाटप बंद. का? तर 'सर्व्हर डाऊन'. दुकानदाराचा दोष नव्हता. त्याच्या हातातल्या मशीनला स्वतःची बुद्धीच दिलेली नाही. आपल्या गावातल्या म्हातारीला पाच किलो धान्य द्यायचं की नाही, हे दूर कुठल्यातरी कॉम्प्युटरला विचारल्याशिवाय तिला कळत नाही.

तिथे उभ्याउभ्या मला खामगावची रेल्वे आठवली. हसू नका, संबंध आहे.

१८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्रजांच्या गिरण्यांचं लक्ष वऱ्हाडावर गेलं. तोवर आपला कापूस बैलांच्या तांड्यांवर आणि गाड्यांवर लादून जायचा. १८६७ला मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. खामगावची बाजारपेठ मात्र मेन लाइनवर नव्हती. म्हणून जलंब ते खामगाव अशी जेमतेम १३ किलोमीटरची लाइन टाकली. १८७०मध्ये तिच्या उद्घाटनाला साक्षात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा लाइनसाठी व्हाइसरॉय! कापसाची किंमत काय होती ते यातून समजा.

पण खरी गंमत पुढे आहे. कापूस वेचला की त्यात साधारण एक हिस्सा रुई आणि दोन हिस्से सरकी. सगळं तसंच मुंबईला पाठवलं तर दोन तृतीयांश वजन उगाच वाहायचं. शिवाय सुटा कापूस फुगलेला, डबे लगेच भरणार. म्हणून जिथे कापूस पिकतो तिथेच जिनिंग आणि प्रेसिंग उभे राहिले. सरकी इथेच काढायची, रुई इथेच दाबायची आणि गठाण बांधून पुढे पाठवायची. माल जिथे तयार होतो तिथेच त्यावर काम करा आणि गरजेपुरतंच पुढे न्या.

आज कॉम्प्युटरवाले याला 'एज कॉम्प्युटिंग' म्हणतात. एज म्हणजे काठ, कड. माहितीवरचं काम दूरच्या डेटा सेंटरमध्ये न करता शेतातल्या, दुकानातल्या, दवाखान्यातल्या छोट्या मशीनवरच करायचं.

या मशीनमध्ये प्रोग्राम जातो कसा? त्यासाठी आणखी एक इतिहास सांगतो. १९५६च्या एप्रिलमध्ये माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ लोखंडी डबे चढवले आणि नेवार्कहून ह्यूस्टनला नेले. आत काहीही असो, डब्याचं माप एकच, त्यामुळे उचलायची क्रेनही एकच. गोदीवरची पोती-पेट्यांची उचलठेव त्यातून कमी होत गेली. आपल्याकडे १९८९ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि हेच डबे महाराष्ट्राच्या सवयीचे झाले.

सॉफ्टवेअरवाल्यांची अडचण तीच होती. एका कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर चालेना, कारण त्याला लागणारं बाकीचं साहित्य तिथे नसायचं. 'माझ्याकडे तर चालतंय' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात बंद करायची युक्ती निघाली. १९७९च्या युनिक्समध्ये तिची सुरुवात दिसते. २०१३ला सॉलोमन हाइक्स यांनी 'डॉकर' जगापुढे आणलं आणि ही पद्धत घरोघरी झाली. त्याच्या चिन्हात पाठीवर कंटेनर लादलेला देवमासा आहे, तो उगाच नाही.

२०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने 'अझूर आयओटी एज' सर्वांसाठी खुलं केलं. शेतात छोटं मशीन बसवायचं. कुठले डबे चालवायचे याची यादी केंद्रातून येते. मशीनमधला एक कारभारी प्रोग्राम ती यादी वाचतो, कोठारातून डबे उतरवून घेतो, चालू करतो. एखादा बंद पडला की पुन्हा उठवतो. दुसरा प्रोग्राम टपाल सांभाळतो. नेट गेलं की निरोप स्वतःजवळ ठेवतो, आलं की पाठवून देतो. या डब्यांना तिथे 'मॉड्यूल' म्हणतात.

हे सगळं परदेशातलं, असं समजू नका. रणवीर चंद्रा या भारतीय संशोधकाच्या गटाने 'फार्मबीट्स' नावाचा प्रयोग केला. शेतात नेट नीट नसतं हे गृहीत धरून त्यांनी शेतकऱ्याच्या घरीच एक कॉम्प्युटर ठेवला आणि ड्रोनच्या व्हिडिओवरचं जड काम तिथेच केलं. हा अभ्यास २०१७ला प्रसिद्ध झाला. त्याच्या पुढच्या तंत्रावर आज बारामतीत उसाच्या शेतीचा प्रयोग चालू आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. २०१७पासून राज्यात 'महावेध'ची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळवार बसली. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तरच अतिवृष्टी धरतात. म्हणजे एका आकड्यावर अख्ख्या मंडळाची मदत लटकते. जुलै २०२३मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत काय झालं ते आपण पाहिलंय. जमिनी खरडून गेल्या. तेव्हा एक शेतकरी मला म्हणाला होता, "पानी पडलं आमच्या वावरात, अन् मशीन हाये दुसऱ्याच गावात." त्याच्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

पुढेमागे अशी केंद्रं या नव्या डब्यांवर चालतील. चालावीत. पण एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. मघाशी सांगितलेल्या टपालवाल्या प्रोग्रामची नेट नसतानाची आठवण, कोणी बदलली नाही तर, ७२०० सेकंदांची असते. म्हणजे दोन तास. त्याहून जुना निरोप तो ठेवत नाही. आता सांगा, मुसळधार पावसात आपल्याकडे लाइट आणि नेट दोन तासांत येतं का? नेमका जो पाऊस मोजायचा, त्याच पावसाचा आकडा गळायचा!

हा आकडा वाढवणं अवघड नाही. यादीत एक ओळ बदलायची असते. पण ती ओळ लिहिणारा माणूस बसतो एसीत, आणि त्याने आपला पावसाळा पाहिलेला नसतो.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. यंत्र कुणाचंही असो, पाच-सात दिवसांची नोंद त्याच्यातच राहिली पाहिजे. आकडा जागेवर पाटीवर दिसला पाहिजे. आणि रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत उतरली पाहिजे. खामगावच्या प्रेसिंगमधून गठाण निघायची, तेव्हा वजन इथेच व्हायचं, आपल्या माणसासमोर. माहितीचं वजनही इथेच व्हायला हवं.

एक काम करा. तुमच्या मंडळातलं पर्जन्यमापक कुठे आहे, त्याभोवती झाड-भिंत आहे का, हे उद्या जाऊन बघा आणि मला कळवा. यादी करू, तहसीलमध्ये देऊ.